पांढरं धुणं : सोडा, लिंबूफूल आणि शेवटचं पाणी

पांढरा शर्ट एका दिवसात कळकट होत नाही. दर धुण्याला थोडा साबण आणि इतर कपड्यांचा सुटलेला मळ धाग्यात अडकतो, पुढच्या वेळी त्यावर आणखी बसतो. मग आपण पावडर वाढवतो, आणि तीसुद्धा नीट निघत नाही म्हणून थर जाडच होतो. अशा वेळी क्लोरिनचं ब्लीच ओतण्याची घाई करू नका. त्याने सुती धागा विरतो, बनियनची इलॅस्टिक सैल पडते आणि काखेतले घामाचे डाग कित्येकदा जास्तच पिवळे होतात.

आधी पाणी बघा. मुंबईत महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी, धुण्याला हलकं. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी मात्र बरेचदा जड असतं. अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाकून जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस न होता पांढुरकी साय तरंगली तर जड. हीच साय कपड्यावर बसते आणि धूळ धरून ठेवते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की तेच कपडे त्याच पावडरीत करडे का दिसू लागतात, त्याचं कारण हे.

भिजवण्यापूर्वी कॉलर आणि कफ ओले करून साबणाची वडी फिरवा, मऊ ब्रशने हलकेच घासा आणि पंधरा मिनिटं तसेच ठेवा. लोकलच्या गर्दीतला घाम, अंगाचं तेल आणि धूळ तिथेच एकत्र चिकटलेली असते. काथ्यासारख्या कडक ब्रशने घासलं तर सुताला लव येते आणि पुढचा मळ तिथेच अडकतो.

मग अर्धी बादली, म्हणजे साधारण १० लिटर, गरम पाणी घ्या. सुती कपड्यांना गीझरचं कडक पाणी चालतं, टेरिकॉटला कोमट. त्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आधी पूर्ण विरघळवा, मगच नेहमीची पावडर घाला, तीही नेहमीपेक्षा थोडी कमीच. हा क्रम महत्त्वाचा आहे : पाण्यातला जडपणा सोडा आधी पकडतो, त्यामुळे पावडर मळासाठी मोकळी राहते. कपडे अर्धा ते एक तास भिजू द्या. रात्रभर ठेवू नका, सुटलेला मळ परत कपड्यावर बसतो. रेशीम आणि लोकर या पाण्यात कधीच घालायची नाही. हाताला हातमोजे असू द्या, सोडा कातडी कोरडी पाडतो. रक्ताचा डाग असेल तर तो आधी गार पाण्यात काढा, गरम पाण्याने तो पक्का होतो.

सगळ्यात जास्त जीव लावून करायचं काम म्हणजे खंगाळणं. तीन पाणी काढाच. तिसऱ्या पाण्यानंतर कॉलरची जाड घडी बोटांत दाबून बघा. बुडबुडे आले तर साबण अजून आत आहे, वरून कपडा कितीही स्वच्छ दिसला तरी. मशीनमध्ये ड्रम पाऊणच भरा, कपड्यांना उलटायला जागा हवी.

शेवटच्या पाण्याआधी, १० लिटरला अर्धा लहान चमचा लिंबूफूल घालून कपडे पाच मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. किराणा दुकानात मिळणारं हे आम्ल साबणाचा आणि क्षाराचा उरलेला अंश काढतं. सोडा आणि लिंबूफूल एकत्र मात्र घालू नका : भरपूर फसफसतं, पण दोघंही एकमेकांना संपवतात. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही नको, विषारी वायू सुटतो.

निळीने मळ जात नाही, पिवळेपणा तेवढा झाकला जातो. वापरायची असेल तर थेंब आधी पाण्यात ढवळा आणि साबण पूर्ण गेल्यावरच कपडा घाला. नाहीतर निळे पट्टे उमटतात.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, हळद साबणाच्या क्षाराने रंग बदलते. खंगाळलं की ती पुन्हा पिवळी होते, आणि ओला डाग दिवसभर उन्हात ठेवला की फिकट होत जातो. एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून ठेवा. गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा. त्याला ब्लीच लावलं तर तो पक्काच होतो.

बाल्कनीतली दोरी आणि ग्रिल ओल्या फडक्याने पुसूनच कपडे वाळत घाला. बांधकामाची धूळ दोरीवर बसलेली असते आणि ओल्या शर्टावर बरोबर छातीच्या मधोमध तिची काळी रेघ उठते. गंजलेल्या ग्रिलला कपडा टेकू देऊ नका.

पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून मशीनमध्ये दोनदा पिळा, हँगरला लावा आणि दोन शर्टांमध्ये वीतभर जागा सोडून पंख्याखाली टांगा. बुरशीचे ठिपके दिसलेच तर सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजनवाली पावडर घ्या. ५ लिटर गरम पाण्याला मोठा चमचाभर घालून चार तास भिजवा, पण भांड्यावर घट्ट झाकण नको, आत वायू तयार होतो. फार जुने ठिपके यानेही पूर्ण जात नाहीत. कपाटात ठेवण्याआधी काखेची आणि कॉलरची शिवण गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, तो कपडा परत पंख्याखाली.