अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झालंय? कुंथू नका!
बाळंतपणानंतर अंग (म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीचा भाग) खाली उतरतं म्हणून ज्यांचं टाके घालून ऑपरेशन झालंय त्यांनी पहिले सहा आठवडे सगळ्यात जास्त जपायचं ते संडासला जाताना, कारण कुंथलं की सगळा जोर थेट टाक्यांवर येतो. त्यात रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर पोट अजूनच घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर ते लाजून बंद करू नका, इसबगोल घेत असाल तर वर भरपूर पाणी प्याच, नाहीतर उलट खडा होतो. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढे वाका आणि श्वास रोखू नका, हळू सोडत राहा. खोकला-शिंक आली की खाली पॅडवर हाताने आधार द्या. भरलेली बादली, गॅसची टाकी, कणकेचा डबा अजिबात उचलायचा नाही, मोठं मूल कडेवर मागत असेल तर बसूनच मांडीवर घ्या, घरच्यांनी हे समजून घ्यायलाच हवं. व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच. ताप, घाण वास, जास्त रक्त किंवा लघवी अडली तर लगेच दवाखाना गाठा.