दम्यातल्या टी सेल पाठ करू नका, कागदावर काढा

टीएच१, टीएच२, टीएच१७, टीरेग ही टी सेलच्या (रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) प्रकारांची यादी पाठ करायला बसलात तर तिसऱ्या दिवशी सगळा गोंधळ होतो, माझा झालाय. मला दमा लहानपणापासून आणि तरी हे डोक्यात बसायला वर्षं गेली, कारण मी आधी सेलचं नाव आणि मग तिचं काम असं शिकत होतो. तसं नका करू. श्वासनलिकेत काय बिघडलंय तिथून सुरू करा आणि हे करायला कोणी सांगितलं ते शोधत मागे मागे जा.

कागदावर मधोमध एक नळी काढा आणि तिच्याभोवती चार गोष्टी लिहा, कफ वाढलाय, नळी जराशा कारणानं आवळतेय, इओसिनोफिल (सूज वाढवणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जमलेत, आयजीई (ॲलर्जीतली अँटिबॉडी) जास्त आहे. आता मागचे बाण काढा. आयजीई बनवतात बी सेल, पण ‘बनवा’ हा निरोप असतो आयएल-४ चा (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रेणू). इओसिनोफिल बोनमॅरोत तयार होतात आणि लवकर मरत नाहीत ते आयएल-५ मुळे. कफ आणि नळीचा चिडकेपणा यात मोठा हात आयएल-१३ चा. आणि हे तिन्ही निरोप टीएच२ पाठवू शकते, म्हणजे एका सेलमध्ये अर्धा चॅप्टर संपला की.

बाकीच्यांना कडेला जागा द्या. टीरेग म्हणजे ब्रेक, ती आयएल-१० वगैरे सोडून बाकीच्यांना शांत ठेवते आणि दम्यात हा ब्रेक नीट लागत नाही. मेमरी टी सेलपैकी काही फुफ्फुसातच मुक्काम ठोकून बसतात, म्हणून कित्येक महिन्यांनी धूळ नाकात गेली तरी जुनं भांडण लगेच सुरू होतं. टीएच९ आयएल-९ सोडते, मास्ट सेलना (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना) जोर देते, एवढं पुरे.

टीएच१७ वर मात्र थोडं थांबा कारण इथे लोक घाई करतात. तिचं आयएल-१७ न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बोलावतं आणि हा प्रकार स्टेरॉइडला फारशी दाद देत नाही, इथपर्यंत ठीक. पण आयएल-१७ चा रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) अडवणारं ब्रोडालुमॅब हे औषध दम्यात वापरून बघितलं तर एकूण रुग्णांमध्ये फायदा दिसला नाही, शिवाय स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल जास्त काळ जगतात, त्यामुळे न्यूट्रोफिल दिसले की टीएच१७ वर आळ घेऊ नका. तसंच टीएच१ चांगली आणि टीएच२ वाईट हे जुनं गणितही सोडा. १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या सेलमध्ये ही विभागणी दाखवली ती बरोबरच होती, पण गंभीर दम्याच्या काही रुग्णांत टीएच१ चा निरोप, म्हणजे इंटरफेरॉन गॅमासुद्धा वाढलेलं सापडतं.

आणखी एक नाव लिहा, आयएलसी२. ही टी सेल नाही, हिला ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ओळखता येत नाही, पण नळीच्या अस्तराला इजा झाली की तिथून टीएसएलपी, आयएल-३३ असे इशारे सुटतात आणि ही आयएल-५, आयएल-१३ ओतायला लागते. ॲलर्जी टेस्ट कोरी आणि इओसिनोफिल मात्र भरपूर, अशी माणसं असतात ना, त्यांचं कोडं इथे बरंचसं सुटतं.

आता रिपोर्ट घ्या. पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ६ टक्के असतील तर ८००० चे ६ टक्के म्हणजे ४८०, हा आकडा बघायचा, नुसते टक्के नाही. इनहेलरमधून जास्त डोसचं स्टेरॉइड चालू असूनही हा १५० किंवा वर असेल, किंवा श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड २० पीपीबी (अब्जात २० भाग) किंवा वर असेल, तर डॉक्टर टाइप २ दम्याचा, म्हणजे आयएल-४, ५, १३ वाल्या दम्याचा, विचार करतात. ते नायट्रिक ऑक्साइड वाढवतं कोण, परत आयएल-१३. मी एकदा स्टेरॉइड गोळ्यांचा कोर्स संपत आला असताना रक्त दिलं, इओसिनोफिल जवळपास शून्य, आणि आपला दमा त्यातला नाहीच असं ठरवून मोकळा झालो. गोळ्यांनी तो आकडा पडतो हे नंतर कळलं, टेस्ट परत करावी लागली. आणि आकडे बघून स्वतःच इनहेलर बंद करायचा नाही हं.

आता लाल पेनानं औषधं, जिथे बाण तुटतो तिथे फुली. ओमालिझुमॅब आयजीईवर, मेपोलिझुमॅब आयएल-५ वर, बेनरालिझुमॅब त्याच्या रिसेप्टरवर, टेझेपेलुमॅब पार वर टीएसएलपीवर, आणि डुपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ दोघांच्या सामायिक रिसेप्टरवर. मेपोलिझुमॅबची गोष्ट मला फार आवडते. इओसिनोफिल न बघता निवडलेल्या रुग्णांवरच्या २००७ च्या ट्रायलमध्ये फारसा फरक पडला नाही, आणि २००९ मध्ये स्टेरॉइड घेऊनही थुंकीत इओसिनोफिल राहणाऱ्यांनाच दिलं तर अटॅक कमी झाले. औषध तेच, माणसं नीट निवडली इतकंच.

कागद जमलाय का बघायला एक प्रश्न. डुपिलुमॅब सुरू केल्यावर काही जणांच्या रक्तात इओसिनोफिल काही काळ वाढतात, असं का? बाण बघा. आयएल-५ वर फुली नाही, म्हणून बोनमॅरोतून येणं चालूच, पण रक्तातून फुफ्फुसात शिरायचे इशारे आयएल-४ आणि आयएल-१३ कडून येतात आणि ते बंद झालेत, म्हणून बिचारे रक्तातच अडकून पडतात.