अलेक्झांड्रा आत्यावर लिहिताना मी कुठे अडकले

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतल्या अलेक्झांड्रा आत्यावर सेमिनार पेपर लिहिला. परत आला तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द: 'कुठे?' वाक्य होतं, 'अखेरीस आत्याचं मतपरिवर्तन होतं.' दोन रात्री पुस्तक पालथं घातलं. तशी जागाच नाही.

मेकॉम्ब हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं गाव, १९३०चं दशक, खोट्या आरोपात अडकलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयाचा खटला, त्याचा गोरा वकील अ‍ॅटिकस आणि गोष्ट सांगणारी त्याची मुलगी स्काउट, एवढी पार्श्वभूमी पुरे. आत्या ही अ‍ॅटिकसची बहीण. माझी चूक मात्र सविस्तर सांगते, कारण तो मोह फार गोड आहे.

प्रकरण २४. घरात मिशनरी सोसायटीच्या बायका चहाला आल्यात आणि अ‍ॅटिकस टॉमच्या मृत्यूची बातमी घेऊन येतो. घरातली कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया त्याच्याबरोबर टॉमच्या बायकोकडे जाते. स्वयंपाकघरात आत्या मटकन बसते, चेहरा हातांत घेते. मी इथेच विरघळले आणि लिहून टाकलं की ती बदलली. आता सावकाश वाचा. ती बसते कॅल्पर्नियाच्या खुर्चीत, म्हणजे जिला कामावरून काढा म्हणून तिने भावाकडे हट्ट धरला होता तिच्या. स्काउटला वाटतं आत्या रडतेय, पण हात खाली येतात तेव्हा ती रडत नसते, थकलेली दिसते. आणि बोलते ते सगळं भावाबद्दल. त्याचं सगळंच मला पटतं असं नाही, पण तो माझा भाऊ आहे, हे सगळं कधी संपणार? जीव तुटतो तो अ‍ॅटिकससाठी. आदल्याच प्रकरणात स्काउटच्या वर्गातल्या गरीब वॉल्टर कनिंगहॅमला तिने 'कचरा' म्हटलंय. ते मत ती कुठेही मागे घेत नाही.

पण म्हणून तिला नुसती खाष्ट ठरवू नका, तेही तितकंच खोटं. स्काउट आणि तिच्या भावावर हल्ला होतो त्या रात्री भेदरलेल्या अवस्थेत ती स्काउटला घालायला ओव्हरऑल्स आणून देते. तिला सगळ्यात नावडणारे कपडे तेच. ते प्रेम खरं आहे. दोन्ही एकाच बाईत आहेत, एकाने दुसरं धुतलं जात नाही.

मला ते धुऊन का हवं होतं, हे उशिरा कळलं. मी टायफॉइडने आजारी होते तेव्हा माझी आत्या अकरा रात्री उशाशी बसून होती. त्याच आत्याच्या घरी कामाच्या मावशींचा कप वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. पेपरमध्ये मी तिलाच माफ करत होते. असा स्वतःचा माणूस प्रत्येकाला आठवेल. आठवू द्या, पण जात आणि अमेरिकेतला वर्णभेद एका वाक्यात एकच करून टाकू नका.

गाईडमधला गुण-दोषांचा तक्ता तर उघडूच नका. तिथे आत्या दोन रकान्यांत चिरली जाते आणि ती खुर्ची कुठल्याच रकान्यात बसत नाही. वाक्य स्वतः दुरुस्त करून देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा 'कुठे?' विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नका. तेव्हा मला रडू आलं होतं. तुम्हालाही येईल, पण पेपर पुन्हा लिहिता येतो.

दुसऱ्या खेपेला मी सुरुवातच त्या खुर्चीपासून केली. मॅडमनी समासात काहीच लिहिलं नाही, फक्त त्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती.