वाड्याचं तालीमघर करताना

पुणे, सातारा, वाई, नाशिक इथल्या जुन्या वाड्यांत नाटकाची तालीम, नृत्यवर्ग, चित्रप्रदर्शन यांना फार चांगली जागा मिळते. मात्र सामान आणण्याआधी एक पावसाळा वाडा नुसता पाहा. ओल कुठवर चढते ती रेघ पेन्सिलीनं तारखेसह भिंतीवर आखा. कुठलं कौल गळतं, चौकातलं पाणी किती वेळात ओसरतं, तेही टिपून ठेवा. पुढचा सगळा खर्च या नोंदींवर ठरतो.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत, हे आधी विचारून घ्या. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांना हे चांगलंच माहीत आहे.

मग कोणती खोली कशाला, ते ठरवा. भारतीय मानकांत घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी ५०० किलो. म्हणजे राहण्यासाठी बांधलेल्या माडीवर नाचणाऱ्यांची गर्दी होणार असेल, तर अडीचपट भार धरावा लागतो आणि वर हादरे. म्हणून नृत्य आणि तालीम तळमजल्यावर, जोत्यावर. माडीवर चित्रफितींचं संकलन, चित्रकला, वेशभूषा. पुस्तकांची कपाटं खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, कड्यांच्या (माडी पेलणाऱ्या लहान तुळयांच्या) टोकांजवळ ठेवा. तरीही संरचना अभियंत्याकडून माडी तपासून घ्याच. वाड्याचे जिने अरुंद असतात, त्यामुळे एका वेळी वर किती माणसं सोडायची ते जिना पाहून ठरवा.

मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या बाहेरच्या भिंती राखून आत नवी दालनं उभी केली आणि १९९६ साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. वाड्याला तो मार्ग लागू पडत नाही. इथे खांब, तुळया आणि कडीपाट (कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) हीच इमारत असते. एखादी पडवी मोठी करायला खांब काढला की त्याचा भार शेजारच्या खणांवर (खांबांमधल्या भागांवर) जातो.

सर्वात जास्त वेळ भिंतींना द्या. विटा, माती आणि चुन्याची भिंत जोत्यातून ओल शोषते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणखी वर चढते, क्षार विटा पोखरतात आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजतात. हातोडीनं हलकेच ठोका: आवाज पोकळ आला की गिलावा सुटलाय. छिन्नीनंच काढा, फोडायचं यंत्र (ब्रेकर) लावू नका. क्षार कोरड्या कुंच्यानं झाडा. पाण्यानं धुतले तर ते पुन्हा आत जातात. भिंत सुकायला महिनेही लागतील, घाई करू नका.

नवा गिलावा चुन्याचाच करा. चुनकळी (भाजलेला, न विझवलेला चुना) पाण्यात टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. उकळता चुना डोळ्यांत उडतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विझलेल्या चुन्याचा लगदा, म्हणजे विरी, गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. वरच्या भिंतीला १ भाग विरी, ३ भाग धुतलेली वाळू. खालच्या ओलसर पट्ट्याला १ विरी, १ सुरखी (विटांची भुकटी), २ वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या. करपलेल्या विटांची भुकटी चुन्याशी नीट जुळत नाही. भिंत शिंपडून १०–१२ मिमीचा थर द्या, त्यावर आडव्याउभ्या रेघा ओढा, आठवडाभर ओली गोणपाटं लावा, मगच दुसरा थर. जाड थर किंवा पातळ माल असेल तर तडे पडतात. मे महिन्याच्या उन्हात काम केलं तर चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि बोटाला भुकटी लागते. दिवाळीनंतरचे महिने सर्वोत्तम. शेवटी चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर वरची सगळी मेहनत वाया.

तुळईचं टोक दाभणानं टोचून पाहा. दाभण सहज आत गेला तर तेवढाच कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं, स्टेनलेस बोल्टनं जोडा आणि टोकाभोवती भिंतीत इंचभर हवा खेळती ठेवा.

आवाज घुमू नये म्हणून भिंतीला फोम चिकटवू नका. भिंतीपासून ५० मिमी अंतरावर स्वतंत्र लाकडी चौकटी उभ्या करा, त्यांत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरा, वर सुती कापड ताणा. चित्रंही खिळे न ठोकता तुळईला पकडीनं बसवलेल्या दांडीवरून तारेनं टांगा. कागदावरची चित्रं बाहेरच्या भिंतींवर नकोत, बुरशी येते. वायरिंगसाठी भिंतीत खाच मारू नका, तुळईच्या कडेनं धातूच्या नळीतून न्या. प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) लावा.

चौक पत्र्यानं बंद केलात तर गरम हवा माडीवर कोंडते. छप्पर हवंच असेल तर पावसाची तिरपी झड लक्षात घेऊन ते उचलून बसवा आणि त्याखाली चहूबाजूंनी हवेसाठी दोन फूट मोकळी जागा सोडा.

खांबांवर ग्राइंडर किंवा वाळूचा मारा नको, नक्षीच्या कडा जातात. साफ केलेल्या सागाला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून त्याच दिवशी वाड्याबाहेर काढा.