कंपायलर बदलला आणि चालता प्रोग्राम कोसळला

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागून मला दोन महिने झाले होते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या टेस्ट बेंचवरचं प्रेशर वाचून फाईलमध्ये नोंदवणारा आमचा सी प्लस प्लसचा प्रोग्राम जुन्या पीसीवर, म्हणजे उबुंटू १८.०४ आणि जीसीसी ७ या कंपायलरवर (कोडचा चालता प्रोग्राम बनवणारं साधन), बिनतक्रार चालायचा. नवा पीसी आला, त्यावर उबुंटू २२.०४ आणि जीसीसी ११. तोच कोड बिल्ड केला, तर पहिल्याच नोंदीला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला म्हणून प्रोग्राम बंद!

मी म्हटलं, जुनाच कंपायलर टाकू. आमचे सीनियर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी एवढंच विचारलं, "वॉर्निंग वाचलीस काय गं?"

वाचली नव्हती. आधी ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) बंद करून ओ-झिरोवर बिल्ड केलं, तर प्रोग्राम नीट चालला, ते चालू ठेवून ओ-टूवर पडला. इथे नवी मुलं हमखास ‘कंपायलरमध्येच बग आहे’ म्हणून मोकळी होतात. तसं फार क्वचित असतं. जीडीबी या चालता प्रोग्राम तपासायच्या साधनामध्ये तर आम्ही कधी बोलावलंच नव्हतं असं फंक्शन चालू दिसत होतं. शेवटी ऑब्जडंप काढून असेंब्ली, म्हणजे कंपायलरनं बनवलेल्या मशीनच्या सूचना, पाहिली. नोंद लिहिणाऱ्या फंक्शनच्या शेवटी ‘रेट’ ही परत फिरायची सूचनाच नव्हती. बांध फुटून पाणी शेजारच्या शेतात शिरावं तसा प्रोग्राम सरळ पुढच्या फंक्शनमध्ये घुसत होता.

कारण आमच्याच कोडमध्ये होतं. फंक्शन ‘बूल’, म्हणजे खरं-खोटं असं उत्तर, देणारं, पण आत ते उत्तर परत करणारा रिटर्न नाही. ते उत्तर कुणी वापरत नसल्यामुळे जुन्या कंपायलरवर निभावलं. जीसीसी ८ पासून सी प्लस प्लसमध्ये अशा फंक्शनचा शेवट कधी गाठलाच जाणार नाही, असं ऑप्टिमायझर धरून चालतो. मात्र त्याच आवृत्तीपासून ही वॉर्निंग न मागता येते. आधी त्यासाठी कंपायलरला डब्ल्यू-ऑल हा वॉर्निंगचा पर्याय द्यावा लागायचा. म्हणजे नव्या पीसीनं दोष सांगितला होता, मी तो पळत्या ओळींत सोडून दिला होता.

सी लिहिणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणी जपा: अनेक फाईलींत घेतल्या जाणाऱ्या हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ या शब्दाशिवाय लिहिलेला ग्लोबल व्हेरिएबल जीसीसी १० पासून तुकडे जोडणाऱ्या लिंकरला अडतो, आणि घोषणा नसलेलं फंक्शन वापरणं जीसीसी १४ मध्ये थेट एरर आहे.

आमच्या मेकफाईलमध्ये (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाईल) आता रिटर्न-टाईपची वॉर्निंग एरर केली आहे. तो जुना कोड आता जुन्या पीसीवरही बिल्ड होत नाही.