गंधकी वायूत मिश्रधातूंची चाचणी: भट्टी पेटवण्यापूर्वीची तयारी

या चाचणीत मिश्रधातूंचे नमुने गंधकयुक्त वायूत तापवून त्यांचे वजन किती वाढते ते पाहतात. नमुने कापणे, मोजणे, तोलणे यांविषयी नव्याने सांगण्यासारखे काही नाही. फक्त एमरीने (घासकागदाने) घासल्यावर ते बोअरच्या पाण्याने धुऊ नयेत, कारण मराठवाड्यातील बोअरच्या पाण्याचे क्षार पृष्ठभागावर बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि ॲसिटोन वापरावे.

त्यानंतर भट्टीकडे वळण्याआधी कोरड्या नायट्रोजनचा भरलेला सिलिंडर आणि निळे सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेला डेसिकेटर, म्हणजे नमुने कोरडे ठेवायचे झाकणबंद भांडे, जागेवर आहे का, ते पाहावे. हे चाचणीनंतर लागते म्हणून नंतर पाहू, असे म्हणू नये. मागील चाचणीत नेमके हेच राहिले आणि सगळी वजने निरुपयोगी ठरली.

कोळशाच्या गॅसिफिकेशनमधून (कोळशापासून इंधनवायू करण्याच्या प्रक्रियेतून) निघणाऱ्या वायूत ऑक्सिजनचा अंशदाब (मिश्रणातील त्याच्या वाट्याचा दाब) अत्यल्प असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. त्यामुळे क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर टिकणे कठीण होते आणि त्याच्या जागी सल्फाइड झपाट्याने वाढते. निकेल आणि त्याचे सल्फाइड यांचे मिश्रण तर सुमारे ६४० अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून निकेल जास्त तितका धातू चांगला, हे गृहीत धरून नमुने निवडू नयेत. वाफेचे प्रमाण ठरवल्याशिवाय चाचणी सुरू करू नये, कारण ऑक्सिजनचा अंशदाब त्यावरही ठरतो. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी) अ‍ॅल्युमिनाच्या नळीतच असावा. उघडा राहिल्यास गंधक त्यालाही खातो. हायड्रोजन सल्फाइडसाठी नाकावर विसंबू नये, प्रमाण वाढले की वासच येईनासा होतो. डिटेक्टर चालू हवा आणि बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जायला हवा.

वीज जाणारच, हे धरून चालावे. त्या वेळी नायट्रोजन हाताने सोडता आला पाहिजे, आणि तो कोरडाच हवा. सल्फाइडच्या थराला दमट हवा लागली की पॉलिथायोनिक आम्ले (गंधकाची आम्ले) तयार होतात. संयंत्र बंद असताना स्टेनलेस स्टीलला कणसीमांवरून (धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवरून) तडे जाण्याचे ते एक कारण आहे, आणि आपल्या नमुन्यात वजन वायूने वाढले की ओलाव्याने, हे मग सांगता येत नाही. आपल्याकडची हवा कोरडी असते ही समजूत श्रावणात कामाची नाही. जेल ओलावा शोषून गुलाबी झालेले असेल तर भट्टी पेटवूच नये.

नमुने नायट्रोजनमध्येच थंड करावेत, थेट डेसिकेटरमध्ये ठेवावेत. पॉलिशिंगला पाणी नको, अल्कोहोल घ्यावे. छायाचित्रे, नोंदी नेहमीप्रमाणे. आणि डेसिकेटरचे झाकण उघडे टाकून कोणी चहाला जाऊ नये.