मेळघाटातल्या रुग्णालयात प्रशिक्षण द्यायचं तर आधीची तयारी

कोरकू आदिवासी रुग्णांशी कसं वागावं-बोलावं याचं प्रशिक्षण धारणी-चिखलदऱ्याकडच्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना देणार असाल, तर आधी तारीख बघा. होळीचा आठवडा टाळा. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण. कामाला बाहेर गेलेली माणसं तेव्हा गावी परततात, आशाताई घरच्या गडबडीत असतात. उपस्थितांच्या यादीत केसपेपरच्या खिडकीवरचा कर्मचारी, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक आणि रुग्णवाहिकेचा चालक आधी घाला, डॉक्टर नंतर. बाईमाणूस दवाखान्यात आलं की पहिली गाठ यांच्याशीच पडते.

कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीवरून तिचा अंदाज लागत नाही. हिंदीवर बरंच भागतं, पण बाळ तापाने फणफणलं असताना आई आपल्याच भाषेत बोलणार. म्हणून कोरकू बोलणाऱ्या दोन आशांना प्रशिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन द्या. बाळ दूध ओढतं का, ताप कधीपासून, अशी चार वाक्यं सगळ्यांनी त्यांच्याकडून घोटून घ्यावीत.

सर्वाधिक वेळ डंब्यासाठी ठेवा. बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात, तो डंबा. डाग दिसले की आपला आवाज चढतोच. तेव्हा एकीला सिस्टर, एकीला आजी करून प्रसंग उभा करा. सिस्टरने आधी बाळाचे श्वास मोजावेत, कारण मुळात न्यूमोनिया असू शकतो, मग जखम बघावी आणि विचारावं, "आजी, पोट कधीपासून फुगलंय? डंबा कधी दिला?" डंबा घातक आहे हे ठामपणे सांगायचंच, पण उपचार सुरू झाल्यावर. बोलणी खाल्लेली आजी पुढचं नातवंड थेट भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे नेते. जवळच्या गावातल्या एखाद्या भूमकालाही बोलावणं धाडा. कर्मचारी कुरकुरतील, तरी धाडा.

बाळासोबत थांबणाऱ्याला बुडीत मजुरी मिळते. कागद कोणते, कुणाला भेटायचं, हे आदल्या दिवशीच कार्यालयातून लिहून आणा. धारणीहून अमरावतीला पाठवायचं तर घाटातून दीडशे किलोमीटरच्या आसपास जायचं असतं. तो निर्णय एकट्या आईचा नसतो, नवरा-सासूशी बोलायला वेळ द्यावा लागतो, हेही सत्रात घ्या.

शेवटी फेरभेटीची तारीख वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी घ्या. इथे डॉक्टरांच्या बदल्या होत राहतात. नव्यांसाठी हेच सत्र पुन्हा घ्यावं लागेल.